माझी आवडती पुस्तके आणि आपाचा एक प्रश्न

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेच्या वाचकांसाठी थोडा वाढवून दिला आहे.)





आपल्या चिटणीस साहेबांनी मला आज्ञा केली की, 'तुमची आवडती पुस्तके आणि लेखक' या विषयावर बोला. कविता, कादंबरी, चरित्र, विनोद असे सगळे प्रकार त्यात येऊ द्या. विषय गोड आहे. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवले, घरी उर्दू बोललो, आणि दोन्ही भाषांतली पुस्तके जमेल तशी वाचली. तेव्हा यादी सांगावयाची तर तास पुरणार नाही. पण नुसती यादी ऐकून कोणी वाचक झाल्याचे मला ठाऊक नाही. म्हणून ती पुस्तके माझ्या हाती कशी आली आणि माझ्या हातून पुढे कोणाकडे गेली, किंवा जायला हवी होती पण गेली नाहीत, ते सांगतो. त्यात माझी एक चूकही येणार आहे. ती कबूल करण्यासाठी आपल्या संस्थेच्या व्यासपीठापेक्षा योग्य जागा मला दुसरी दिसत नाही.

माझे बालपण धुळ्यात गेले. अब्बा मागावर काम करीत. घरात अम्मा आणि माझी थोरली बहीण, आम्ही तिला आपा म्हणत असू, दिवसभर चरख्यावर कांड्या भरीत. आपा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. उर्दू चौथी झाली आणि तिची शाळा सुटली. त्या काळी आमच्या मोहल्ल्यात ही गोष्ट कोणाला विशेष वाटत नसे. मी मुलगा, म्हणून मला चौथीनंतर मराठी शाळेत घातले गेले.

त्या शाळेत एका खोलीत पुस्तकांचे एक कपाट होते. त्याला कुलूप असे. पुस्तके मुलांच्या हातात दिली की फाटतात, म्हणून ती आत सुरक्षित ठेवलेली. काचेतून त्यांच्या पाठी तेवढ्या दिसत. आमच्या मराठीच्या गुरुजींनी एक दिवस कोठून तरी किल्ली मिळवली आणि एक पुस्तक काढून माझ्या हातावर ठेवले. म्हणाले, "आठ दिवसांत वाचून आण. डाग पडता कामा नये." ते पुस्तक होते साने गुरुजींचे 'श्यामची आई'.

मला मराठी वाचता येई, पण सावकाश. घरी रात्री कंदिलाजवळ बसून मी मोठ्याने वाचू लागलो. आपाचा चरखा चालूच होता. थोड्या वेळाने तो थांबला. मी वर पाहिले तर ती म्हणाली, "आगे पढ." मग मी मराठीत वाचायचे, अडेल तिथे आमच्या बोलीत सांगायचे, आणि तिने कांड्या भरत ऐकायचे, असा नेम पडला. त्या पुस्तकात बेचाळीस रात्री आहेत. आठ दिवसांत त्या संपल्या नाहीत. गुरुजींकडून आणखी आठ दिवस मागून घेतले. पुस्तक परत करण्याच्या आदल्या रात्री आपाने ते हातात घेतले, पाने उलटून पाहिली. नागरी अक्षर तिला येत नव्हते. ती म्हणाली, "तू पढता है तो किताब है, नहीं तो कागज."

त्या वाक्यातले दुःख मला त्या वयात कळले नाही. मला वाटले, ती माझे कौतुक करते आहे.

हे साने गुरुजी तर आपल्या खानदेशचे. जन्म कोकणातला, १८९९ चा. पण १९२४ ते १९३० ही सहा वर्षे ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते हाताने लिहिलेले दैनिक काढीत. 'श्यामची आई' त्यांनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. आणखी एक गोष्ट आपल्या मुलांना सांगण्यासारखी आहे. याच गुरुजींनी हजरत मुहंमद पैगंबर (स.) यांचे चरित्र मराठीत लिहिले; 'इस्लामी संस्कृती' हे त्या पुस्तकाचे नाव. ते मी पुढे कॉलेजात असताना वाचले. शेजाऱ्याच्या घरात आपल्या वडीलधाऱ्यांचे नाव आदराने घेतलेले ऐकावे, तेव्हा जसे वाटते तसे मला वाटले.

माझ्या आवडत्या पुस्तकांपैकी तीन तुरुंगात जन्मली, आणि तिन्ही तुरुंग महाराष्ट्रातले. पहिले हे 'श्यामची आई'. दुसरे आमच्या धुळ्याचे. १९३२ साली विनोबा भावे धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी ते कैद्यांसमोर गीतेवर बोलत, आणि साने गुरुजी ते उतरून घेत. तीच 'गीता प्रवचने'. गुरुजींनी लेखणी हाती धरली नसती तर ते बोलणे त्या भिंतींतच राहिले असते. पुढे विनोबांनी अनेक वर्षे कुराणशरीफचा अभ्यास करून 'कुराण सार' संपादित केले. दुसऱ्याचा ग्रंथ कसा वाचावा, याचा हा धडा मला वाटतो. आपण दुसऱ्यांचे ग्रंथ किती वाचतो, हा प्रश्न मी स्वतःला विचारीत असतो. आपणही विचारावा.

तिसरे पुस्तक उर्दूतले: मौलाना अबुल कलाम आझादांचे 'गुबारे खातिर'. १९४२ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेसच्या पुढाऱ्यांना पकडून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले गेले. अहमदनगर म्हणजे आताचे अहिल्यानगर. तेथे पंडित नेहरूंनी 'भारताचा शोध' लिहिला, आणि मौलानांनी आपल्या मित्राच्या, हबीबुर्रहमान खान शेरवानींच्या, नावे पत्रे लिहिली. पत्रे टाकण्याची परवानगी नव्हती. तरीही ते लिहीत राहिले. १९४६ साली ती पुस्तकरूपाने आली. त्यात चिनी चहावर पत्र आहे, खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्यांशी चाललेली लढाई आणि मग जमलेली दोस्ती आहे. मौलाना तुरुंगात असताना १९४३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्यात त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम वारल्या. त्या आजारी असताना मौलानांनी सरकारकडे स्वतःसाठी सवलत मागितली नाही. ते पत्र मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा मध्येच पुस्तक मिटून बसावे लागते. भाषा अवघड आहे, फारसी शेरांनी भरलेली आहे. तरी वरच्या वर्गातल्या मुलांनी चिमण्यांचे प्रकरण जरूर वाचावे. ११ नोव्हेंबर, मौलानांची जयंती, आपण शिक्षण दिन म्हणून साजरी करतो. त्या दिवशी हारतुऱ्यांबरोबर या पुस्तकाची चार पानेही वाचली जावीत, अशी माझी विनंती आहे.

आता कवितेकडे वळतो. कवितेच्या बाबतीत आपला मुलूख श्रीमंत आहे. १९०७ साली जळगावात कविसंमेलन भरले होते. त्यात धरणगावच्या एका सतरा वर्षांच्या मुलाने कविता म्हटली आणि त्याला 'बालकवी' ही पदवी मिळाली. ते त्र्यंबक बापूजी ठोमरे. 'औदुंबर', 'फुलराणी', 'श्रावणमास' या कविता ज्याने शाळेत पाठ केल्या नाहीत असा मराठी माणूस विरळा. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून ते गेले. वय अवघे सत्तावीस. मी धुळ्याहून चाळीसगावला गाडी बदलून जळगावला शिकायला आलो, तेव्हा पहिल्याच महिन्यात भुसावळच्या गाडीत बसून भादली स्टेशन पाहून आलो होतो. पाहण्यासारखे तेथे काही नव्हते. रूळ होते आणि शेते होती.

बालकवींना पदवी मिळाली त्या जळगावात तेव्हा सत्तावीस वर्षांची एक शेतकरीण राहात होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. तिच्या ओव्या तेव्हा तिच्या घरापलीकडे कोणी ऐकल्या नव्हत्या. ती बहिणाबाई चौधरी. जन्म १८८० चा, जळगावजवळच्या आसोद्याचा. लहान वयात लग्न, तिशीत वैधव्य, मग शेत, घर आणि मुले. जात्यावर, शेतात जे सुचेल ते ती गुणगुणत असे, आणि मुलगा सोपानदेव व घरची माणसे ते उतरून ठेवीत. १९५१ च्या डिसेंबरात ती गेली. नंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईची गाणी' निघाली आणि महाराष्ट्र थक्क झाला. आज आपल्या जळगावच्या विद्यापीठाला तिचे नाव आहे. जिला पाटीवर सही करता आली नसती, तिच्या नावाच्या पदवीपत्रावर आज हजारो मुलांचे भवितव्य उभे आहे.

सुगरणीच्या खोप्यावरची कविता मी वर्गात शिकवली, त्यापूर्वी अम्माला वाचून दाखवली होती. पुस्तकी मराठी तिला परकी वाटे. ही मात्र समजली. धुळ्या-जळगावच्या बाजारात कानावर पडणारीच ती बोली होती. अम्मा म्हणाली, आमच्याही आईला चक्कीवर गाणी येत होती. पुढे वाचनात आले की, दख्खनमध्ये, विशेषतः विजापूरकडे, सतराव्या शतकात सूफी मंडळींनी बायकांसाठी दख्खनी भाषेत 'चक्कीनामे' आणि 'चरखानामे' रचले होते. दळताना आणि सूत कातताना म्हणायची ती गाणी. म्हणजे आपा ज्या चरख्यावर बसत असे, त्याचीही कविता आपल्याकडे आहे. माझ्या आजीच्या गाण्यांना सोपानदेव मिळाला नाही. तिच्या नातवाने एम. ए. केले, पण तोवर ती गाणी तिच्याबरोबर गेली होती. ज्यांच्या घरी म्हाताऱ्या आजी-नानी आहेत त्या मुलांनी एक वही घ्यावी. आणखी काय सांगू?

गझलेबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्या विषयात शिरलो तर रात्र होईल. गालिब मला उर्दूतून आवडला हे खरे; पण तो समजला मराठीतून. सेतुमाधवराव पगडी यांनी गालिब आणि उर्दू काव्य मराठी वाचकांपुढे ठेवले. त्याआधी माधव जूलियन, म्हणजे फारसीचे प्राध्यापक माधवराव पटवर्धन, यांनी १९३३ साली 'गज्जलांजली' काढून मराठीत गझल रुजवली. १९२५ मध्ये त्यांनी फारसी-मराठी कोशही केला होता. पुढे अमरावतीच्या सुरेश भटांनी 'रंग माझा वेगळा' (१९७४) आणि 'एल्गार' (१९८३) मधून तीच गझल गावोगावी नेली. एखादे झाड दुसऱ्याच्या अंगणात लावावे आणि त्याला तिकडे वेगळ्या चवीचे फळ यावे, तसे हे झाले.

शब्दांचेही तेच आहे. मराठी ही आपली भाषा नव्हे असे आपल्यातले काही लोक म्हणतात, आणि तुमची ती भाषा नव्हे असे म्हणणारेही भेटतात. अशा दोघांनाही मी शाळेच्या दारात उभे करतो. मुलगा दप्तर घेऊन येतो, कागद काढतो, शाईने तारीख लिहितो, गुरुजी खुर्चीवर बसून हजेरी घेतात, गैरहजर कोण ते विचारतात. दप्तर, कागद, शाई, तारीख, खुर्ची, हजेरी, गैरहजर. हे सारे शब्द फारसी-अरबीतून आलेले आणि आज अस्सल मराठी. आणि श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद सतराव्या शतकात 'योगसंग्राम' मराठीतच लिहून गेले. रा. चिं. ढेरे यांनी 'मुसलमान मराठी संतकवी' या नावाचे पुस्तकच केले आहे. महानुभाव व संतवाङ्मयाचे अभ्यासक डॉ. यू. म. पठाण हे १९९० साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि त्याच वर्षी सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. आपण मराठीच्या घरात पाहुणे नाही.

कथा-कादंबरीत माझी निवड सरळ आहे. शिक्षकांनी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) वाचावी. धनगरांच्या वाडीवर नेमलेला एक कोवळा मास्तर, शाळेत पोर नाही, आणि शेवटी दुष्काळाने ओस पडलेले गाव. बी. एड.च्या जाड पुस्तकांत जे नाही ते त्या लहानशा कादंबरीत आहे. हमीद दलवाईंची 'इंधन' (१९६५) ही कोकणातल्या एका गावाची कादंबरी. दलवाईंच्या सामाजिक मतांविषयी आपल्या समाजात वाद झाले. ते मतभेद ज्याचे त्याने ठेवावेत. पण आपल्यासारखी माणसे, त्यांचे घर, त्यांची भांडणे मराठी कादंबरीत आतून लिहिलेली मी प्रथम तेथे पाहिली, हे मी लपवणार नाही.

आणि भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' (१९६३). नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे. पुढे २०१४ सालचे ज्ञानपीठ त्यांना मिळाले. 'कोसला'चा नायक पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला जातो. मी धुळ्याहून जळगावला शिकायला आलेलो. वसतिगृहात एका रात्रीत अर्धे पुस्तक वाचले. हसत होतो. मग त्याची धाकटी बहीण मनी देवीच्या आजाराने जाते, ते प्रकरण आले. हसू थांबले. पुस्तक खाली ठेवले आणि मला आपाची आठवण झाली.

आता ती चूक सांगतो.

मी कॉलेजात गेलो, मराठी हा विषय घेतला, नंबर चांगले आले. व. वा. वाचनालयाची वर्गणी भरून पुस्तके आणू लागलो. आणि हळूहळू माझ्या डोक्यात असे बसले की, वाचन म्हणजे मराठी आणि इंग्रजी. उर्दू ही घरात बोलायची, मोहल्ल्याची भाषा. सुटीत धुळ्याला जाई तेव्हा मी वाचून दाखवायचेही सोडले होते. मला अभ्यास असे. आपाचे लग्न होऊन ती मालेगावला गेली. ईदला तिच्याकडे जाताना मी मिठाई नेई, कापड नेई, तिच्या मुलांना खेळणी नेई. दहा-बारा वर्षांत एकदाही तिच्यासाठी पुस्तक नेले नाही. तिला मराठी वाचता येत नाही, एवढेच माझ्या लक्षात होते. उर्दू चौथीपर्यंत ती शिकली आहे आणि उर्दूत पुस्तके असतात, ही साधी गोष्ट मला, मराठीच्या एका शिक्षकाला, सुचली नाही.

एका ईदला, मला वाटते १९७४ ची असावी, मुंबईत भेंडीबाजाराच्या एका दुकानात प्रेमचंदांच्या गोष्टींचे उर्दू पुस्तक दिसले, ते घेऊन मी मालेगावला गेलो. प्रेमचंद पहिल्यांदा उर्दूतच लिहीत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. 'सोज़े वतन' हा त्यांचा १९०८ चा उर्दू कथासंग्रह इंग्रज सरकारने जप्त केला होता. मनात म्हटले, आपाला अक्षर जुळवून वाचावे लागेल. मी थोडे वाचून दाखवीन.

घरात शिरलो तर कोनाड्यात इब्ने सफींच्या 'जासूसी दुनिया'चे आठ-दहा अंक. आमचे दुल्हाभाई मागावरून येताना भाड्याने आणीत. त्यांचे वाचून झाले की आपा वाची. कर्नल फरीदी आणि कॅप्टन हमीद यांनी तिला चौथीनंतर विसरलेले उर्दू पुन्हा शिकवले होते. ती माझ्याइतक्याच सहज वाचत होती. ज्या पुस्तकांना मी वर्गात 'वेळ घालवण्याची पुस्तके' म्हणत असे, त्यांनी माझ्या बहिणीला जे दिले ते मी दिले नव्हते. त्या दिवसापासून रहस्यकथेविषयी मी वाकडा शब्द काढला नाही. मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या झुंजार आणि काळापहाडने किती कामगारांना, किती दुकानातल्या पोऱ्यांना वाचक केले असेल! मूल जर रहस्यकथा वाचत असेल तर ती काढून घेऊ नका. शेजारी दुसरे एक पुस्तक ठेवा.

आपाने त्या संध्याकाळी 'ईदगाह' वाचली. गोष्ट आपणा सर्वांना ठाऊक आहे. हामिद नावाचा अनाथ पोरगा, खिशात तीन पैसे. बाकीची पोरे खेळणी आणि मिठाई घेतात; हा आपल्या दादी अमीनाचे हात भाकरी करताना भाजतात म्हणून लोखंडी चिमटा घेतो. आपा वाचत असताना मी बाहेर दुल्हाभाईंशी बोलत बसलो होतो. वाचून झाल्यावर ती दारात आली. डोळे पुसलेले होते. म्हणाली, "ये किताब तू पहले क्यों नहीं लाया?"

मी काही बोललो नाही. काय बोलणार? हामिदकडे तीन पैसे होते, तरी त्याला घरचे भाजलेले हात आठवले. मला पगार होता, वाचनालय होते, दोन भाषा येत होत्या.

त्यानंतर मात्र मी दर ईदला पुस्तक नेले. पतरस बुखारींचे विनोदी लेख नेले; त्यातला मोडक्या सायकलीचा लेख वाचून ती इतकी हसली की सुनांना वाटले काय झाले. तेव्हा मी तिला पु. ल. देशपांड्यांची 'म्हैस' बोलीत सांगितली, आणि आमच्या दोघांच्या मते सामना बरोबरीत सुटला. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' मी तिला सुटीत बसून पुन्हा पूर्वीसारखी वाचून दाखवली. लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षर शिकलेली ती बाई मराठीतले उत्तम आत्मचरित्र लिहून जाते, हे आपाला फार आवडले. ती म्हणाली, हिला कोणी तरी शिकवले म्हणून लिहिता आले. पुढे काही बोलली नाही. काही वर्षांपूर्वी आपा अल्लाच्या घरी गेली. तिच्या उशाशी चष्मा आणि एक पुस्तक होते, असे तिच्या मुलाने मला फोनवर सांगितले. कोणते पुस्तक, ते मी विचारले नाही.

मित्रहो, आवडत्या पुस्तकांचे भाषण घरच्या गोष्टीकडे गेले, त्याबद्दल क्षमा असावी. पण यातून मला आपल्या संस्थेपुढे तीन गोष्टी मांडावयाच्या आहेत. त्या खर्चाच्या नाहीत.

पहिली गोष्ट कुलपाची. पुस्तक फाटले तर फाटू द्या. फाटलेले पुस्तक कोणीतरी वाचलेले असते. वर्गात एक साधी फळी ठोकावी, वीस-पंचवीस पुस्तके ठेवावीत आणि त्यांचा हिशेब मुलांकडेच द्यावा. मोडतोडीबद्दल शिक्षकाच्या पगारातून पैसे कापले जाणार नाहीत, एवढा ठराव कार्यकारिणीने करावा. शिक्षक कुलूप का लावतो, याचे निम्मे कारण त्या भीतीत आहे.

दुसरी गोष्ट दोन भाषांची. आपल्या उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठीचा पेपर अवघड जातो, आणि आपल्याच समाजातल्या मराठी माध्यमाच्या मुलांना घरात आलेले उर्दू पत्र वाचता येत नाही. दोघेही निम्मे घर बंद ठेवून राहतात. आठवड्यातून एक तास असा असावा की, त्यात परीक्षा नाही, प्रश्नोत्तरे नाहीत. शिक्षकाने एक पुस्तक मोठ्याने वाचावे, एका आठवड्यात मराठी, दुसऱ्यात उर्दू. 'श्यामची आई' आणि 'ईदगाह' यांपासून सुरुवात करावी. मुलांना दोन्हीकडे तीच माया दिसेल.

तिसरी गोष्ट मुलींना सांगतो. आज या सभागृहात मुलांपेक्षा मुली अधिक दिसत आहेत, आणि निकालाच्या यादीतही त्याच वर आहेत. आपाला हे दृश्य पाहायला मिळायला हवे होते. मुलींनो, ग्रंथालयातून घरी जाताना दोन पुस्तके न्या. एक तुमच्यासाठी, आणि एक घरातल्या त्या बाईसाठी, जिची शाळा लवकर सुटली. तिला ज्या लिपीत वाचता येते त्या लिपीतले न्या. तिला कोणतीच लिपी येत नसेल तर तुम्ही वाचून दाखवा. काम चालू असतानाही ऐकता येते, हे मी पाहिले आहे. आणि ग्रंथपाल साहेब, नियमात एका वेळी एकच पुस्तक असे लिहिले असेल, तर तो नियम बदलण्याची कृपा करा.

माझ्या आवडत्या लेखकांत मौलाना आझाद आहेत, साने गुरुजी आहेत, बहिणाबाई, बालकवी, गालिब, प्रेमचंद, माडगूळकर, नेमाडे आहेत, आणि इब्ने सफीही आहेत. ही नावे वेगवेगळ्या सभांत घेतली जातात. माझ्या घरात ती एका फळीवर आहेत आणि त्यांची आपसात कधी तक्रार झालेली नाही. ही पुस्तके मी हयातीतच आपल्या संस्थेच्या ग्रंथालयाला देत आहे. 'श्यामची आई'च्या प्रती दोन आहेत. अट एकच: त्यांना कुलूप लावू नये.